दिसत नाही की वाचत नाही?

साशंक : संगणकाला सीडीचा ड्राइव्ह दिसत नाही म्हणून तुम्ही कॅबिनेट उघडून बसणार, हे मला पटत नाही. का पटत नाही तेही सांगतो. नव्या संगणकांत ज्या यंत्राला जागासुद्धा ठेवत नाहीत, त्याच्या दुखण्याचं मूळ शोधत बसायला वेळ कुठे आहे? ॲपलने २००८ साली मॅकबुक एअर आणला तो डिस्क ड्राइव्हशिवायच, आणि हळूहळू बाकीच्यांनीही तीच वाट धरली. २०२५च्या फेब्रुवारीत सोनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणंही थांबवलं. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह अजून दुकानात मिळतो, तो आणावा आणि मोकळं व्हावं. माझ्यापाशी चाळीसेक सीडी आहेत. आमची आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्या आम्ही कॅसेटवर घेतल्या होत्या. २००५च्या सुमारास त्यांच्या एमपी३ फाइली करून याच ड्राइव्हवर सीडी बर्न केल्या. पुढे कॅसेटना बुरशी लागली, त्या टाकाव्या लागल्या. आत्याही गेली. आता तिचा आवाज उरलाय तो या सीडींवर. तो काढून घ्यायचा, एवढंच माझं काम. त्यासाठी जुना ड्राइव्ह खोलायची मला गरज वाटत नाही.

आग्रही : मग तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सावध राहायला हवं. तुम्ही 'दिसत नाही' म्हणालात, आणि त्या दोन शब्दांत निदान तीन वेगळे बिघाड कोंबलेले आहेत. कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसा. एक गिऱ्हाईक म्हणतं ड्राइव्ह दिसत नाही, दुसरं म्हणतं सीडी घेत नाही, तिसरं म्हणतं सीडी वाचत नाही. दुकानदार तिघांनाही एकच उत्तर देतो, कारण तिघांचं दुखणं त्याला एकच वाटतं. वास्तविक संगणक आणि ड्राइव्ह यांच्यात एक प्रश्नोत्तर चाललेलं असतं. पहिला प्रश्न : तू कोण? ड्राइव्ह सांगतो, मी सीडी-डीव्हीडीच्या जातीचा, अमुक कंपनीचा, अमुक मॉडेल. त्या ठरलेल्या भाषेत या जातीचा क्रमांक ५ आहे. दुसरा प्रश्न : तयार आहेस का? तो म्हणतो, आहे. किंवा म्हणतो, माझ्या पोटात डिस्कच नाही. मग तिसरी गोष्ट, की अमुक जागेवरचं वाचून दे. आता बघा, पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर ड्राइव्ह खरंच हरवलेला आहे. दुसऱ्या प्रश्नाला 'डिस्क नाही' असं उत्तर आलं, आणि डिस्क तर तुम्ही आत्ताच घातलेली आहे, तर ड्राइव्ह पूर्ण ओळखला गेलेला असतो, फक्त त्याला डिस्क दिसलेली नसते. तुम्ही मात्र दोन्ही वेळा घरात येऊन एकच सांगता, की ड्राइव्ह चालत नाही.

साशंक : भेद छान आहे, पण तो तुमच्यासारख्यांसाठी. माझ्यासारख्या माणसासमोर पडद्यावर एक रिकामी खिडकी असते. 'माय कॉम्प्युटर' उघडला की सी दिसतो, डी नसतो. प्रश्न कितवा अडला हे मला कोण सांगणार? आणि तुम्ही म्हणता त्या दुकानदाराला दोष देणंही मला अवघड वाटतं. त्याच्याकडे दिवसाला वीस यंत्रं येतात. तो 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणतो, त्यामागे हिशेब असतो. मूळ शोधायला तीन तास जातील की तीस मिनिटं, हे त्याला आधी कळत नाही. फॉरमॅटला किती वेळ लागतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्या कामाला लागणारा वेळ सांगता येत नाही त्याचे पैसेही सांगता येत नाहीत, आणि ज्याचे पैसे सांगता येत नाहीत ते काम कुणी घेत नाही. निदान करण्याची कला मेली असेल तर ती आळसामुळे नव्हे, या हिशेबामुळे मेली आहे.

आग्रही : हे तुम्ही फार बरोबर बोललात, आणि ते मला बोचतंही. पण म्हणूनच मी सुरुवात अशा ठिकाणाहून करतो जिथे लागणारा वेळ आधीच सांगता येतो. संगणक बंद करून पुन्हा चालू करा आणि सुरुवातीलाच डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये शिरा. तिथे जोडलेल्या ड्राइव्हांची यादी असते. त्या यादीत तुमच्या सीडी ड्राइव्हचं नाव आहे का, एवढंच बघायचं. एका मिनिटाचं काम आहे. त्या मिनिटात निम्मं जग बाद होतं. नाव नसेल तर विंडोज निर्दोष आहे, कारण ती अजून जागीच झालेली नाही. अशा संगणकाला फॉरमॅट मारणं म्हणजे भिंतीतली वायर तुटली म्हणून बल्ब बदलत बसणं. उलट नाव असेल आणि तरी विंडोजमध्ये ड्राइव्ह नसेल, तर केबल, पॉवर, मदरबोर्ड, ही मंडळी आपलं काम करताहेत, दोष वर कुठेतरी सॉफ्टवेअरात आहे. तुमच्या दुकानदाराने हे एक मिनिट दिलं असतं तर त्याच्या वीस यंत्रांपैकी काही तरी न पुसता परत गेली असती. फॉरमॅट मारताना लोकांचे किती फोटो गेले असतील याचा विचार आला की मला खरंच वाईट वाटतं.

साशंक : समजा नाव नाही. मग?

आग्रही : मग कॅबिनेट उघडायचं, पण आधी ट्रेचं बटण दाबून बघायचं. ट्रे बाहेर येण्यासाठी डेटा केबल लागत नाही, नुसती वीज पुरते. ट्रे आला, दिवा लागला, तरी बायोसमध्ये नाव नाही, तर वीज पोचतेय आणि बोलणं पोचत नाही. ट्रे मेल्यासारखा पडून असेल तर वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडून येणारी वायर बघायची. जुन्या ड्राइव्हच्या त्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळी वायर १२ व्होल्टची आणि लाल ५ व्होल्टची. साधारणपणे ५ व्होल्टवर त्याचं डोकं चालतं आणि १२ व्होल्टवर मोटर. म्हणून १२ व्होल्टची बाजू ढिली असेल तर ड्राइव्ह आपलं नाव सांगतो, पण डिस्क फिरवत नाही. म्हणजे दिसतो आणि वाचत नाही. तुमचा ड्राइव्ह २००५च्या आसपासचा, म्हणजे बहुधा ती ४० पिनांची चपटी आयडीई केबल. तिच्यावर दोन यंत्रं बसतात, एक मास्टर आणि एक स्लेव्ह, आणि कोण कोण आहे ते मागच्या बाजूच्या इवल्याशा जंपरने ठरतं. मध्येच कुणी दुसरी हार्ड डिस्क बसवली असेल आणि दोघंही मास्टर झाली असतील, तर दोघांपैकी एक गायब होतो, कधी दोघंही. नंतरच्या साटा ड्राइव्हांत ही भानगड नाही. सात पिनांची डेटा केबल, पंधरा पिनांची पॉवरची, एका केबलवर एकच यंत्र. पण तिथे कनेक्टर इतका हलका असतो की संगणक टेबलावरून खाली ठेवताना नुसता धक्का लागून सुटतो. केबल काढून पुन्हा घट्ट बसवायची, जमलं तर दुसरी केबल लावून बघायची, दुसऱ्या पोर्टवर लावून बघायची. एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केलेत आणि ड्राइव्ह दिसायला लागला, तर कशाने दिसला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

साशंक : आणि नाव असेल, विंडोजमध्येच नसेल, तर काय करायचं ते मला ठाऊक आहे, कारण तो उपाय मला चार जणांनी सांगितला. रजिस्ट्री उघडायची, सीडी ड्राइव्हांच्या नोंदीत जायचं आणि 'अप्परफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या दोन ओळी पुसून टाकायच्या. कुणीही विचारलं नाही की मी त्या नक्की कुठल्या नोंदीतून पुसणार आहे. सीडी ड्राइव्हांची नोंद ४डी३६ई९६५ने सुरू होणाऱ्या लांबलचक आकड्याखाली असते. तिच्याच शेजारी ४डी३६ई९६७ असते, ती हार्ड डिस्कची. तिथेही 'अप्परफिल्टर्स' असतं. त्यात पार्टमगर नावाचा ड्रायव्हर असतो, आणि तो पुसला की संगणक पुढच्या वेळी सुरूच होत नाही. पाच आणि सात. एका आकड्याची चूक झाली की हरवलेला सीडी ड्राइव्ह शोधायला गेलेला माणूस अख्खा संगणक बंद पाडून परततो. तुम्ही ज्याला निदान म्हणता ते शेवटी लोकांपर्यंत या रूपात पोचतं : इथे जा, हे पुसा. मला याची भीती वाटते. त्यापेक्षा बाहेरचा ड्राइव्ह विकत घेणारा माणूस शहाणा.

आग्रही : भीती खरी आहे, आणि मी ती खोडून काढणार नाही. मी एवढंच म्हणेन की तुम्ही ज्याला घाबरताय ते निदान नव्हे, निदान गाळून उरलेला उपाय आहे. त्या ओळी तिथे का आल्या हे त्या चौघांपैकी एकाने तरी सांगितलं का? सीडी बर्न करणारी सॉफ्टवेअरं विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये आपला एक मधला माणूस बसवतात. ड्राइव्हकडे जाणारा प्रत्येक निरोप त्याच्या हातून जातो. आयट्यून्ससुद्धा असा एक बसवायचं. पुढे ते सॉफ्टवेअर तुम्ही काढून टाकता, कधी ते अर्धवट निघतं. मधला माणूस निघून जातो आणि त्याचं नाव वहीत राहतं. विंडोज त्या नावाच्या माणसाला हाक मारते, तो येत नाही, आणि सगळा निरोपच थांबतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसतं, कोड ३९ किंवा कोड १९ वगैरे लिहिलेलं असतं. हे ज्याला कळलं तो आधी त्या ओळींत कुणाचं नाव आहे ते वाचेल, ती नोंद फाइलीत जपून ठेवेल, वर 'सीडी-रॉम' लिहिलंय याची खात्री करेल आणि मगच हात लावेल. त्याला हेही ठाऊक असेल की ओळी पुसल्यावर ज्या सॉफ्टवेअरला त्या खरंच हव्या होत्या ते पुन्हा बसवावं लागेल. आणि त्याहीआधी तो सगळ्यात सोपी गोष्ट करेल : डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्हची नोंद काढेल, संगणक पुन्हा चालू करेल, आणि विंडोजला त्याला नव्याने भेटू देईल. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. कधी नुसतं ड्राइव्हचं अक्षर दुसऱ्या कशाने पळवलेलं असतं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते बदललं की झालं.

साशंक : म्हणजे समजून घेतलं तर उपाय सुरक्षित, न समजता केला तर घातक. हे मान्य. पण मग मला सांगा, सुरक्षितपणे समजून घ्यायला जो वेळ लागतो तो माझ्याकडे का असावा? मी डॉक्टरकडे जातो तेव्हा शरीरशास्त्र शिकून जात नाही. आणि तुम्ही ज्या यंत्राची एवढी आस्थेने चौकशी करताय त्याच्याविषयी माझ्या मनात खोलवर एक वेगळीच शंका आहे. समजा तुम्ही जंपर लावलात, ओळी पुसल्यात, ड्राइव्ह डी म्हणून दिसायला लागला. पुढे काय? आतली लेन्स वीस वर्षांच्या धुळीने आंधळी झालेली असेल. लेझर दमलेला असेल. तो दमलेला लेझर माझ्या सीडीसमोर ठेवायला तुम्ही मला सांगणार. आणि खुद्द सीडी? बर्न केलेल्या सीडीत माहिती खोदलेली नसते, ती एका रंगद्रव्याच्या थरात भाजलेली असते. ऊन, दमट हवा, वेळ, सगळे मिळून तो रंग उतरवतात. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने एक मार्गदर्शिका काढली होती. चाचण्या केलेल्या उत्पादकांच्या मते अशा डिस्क १०० ते २०० वर्षं टिकाव्यात, असं तीत नोंदवलं होतं. मात्र नीट, थंड आणि कोरड्या जागी ठेवल्या तर. माझ्या सीडी कोकणातल्या घरात कपाटावर होत्या. पावसाळा आला की तिथे भिंतीतून पाणी पाझरतं. तेव्हा माझा आक्षेप हा, की तुम्ही रोग्याला सोडून रोग्याच्या खाटेची दुरुस्ती करताय.

आग्रही : तुमच्या सीडींवर नावं कशाने लिहिली आहेत?

साशंक : बॉलपेनने. वरच्या बाजूने.

आग्रही : हे ऐकून मला धक्का बसला, आणि तुम्हाला दोष द्यायला मन धजत नाही, कारण आम्ही सगळ्यांनी तेच केलं. सगळ्यांना वाटतं चमकती खालची बाजू जपायची आणि वरची लिहायला. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते. खालून बघितलं तर जवळजवळ सगळी जाडी नुसत्या पारदर्शक प्लास्टिकची, आणि माहितीचा थर अगदी वर, लेबलच्या खाली, लाखेच्या एका पातळ लेपाने झाकलेला. खालचा ओरखडा पॉलिश करून घालवता येतो. वरून बॉलपेन जोरात दाबला तर तो थेट माहितीवर उमटतो. डीव्हीडीत हा थर दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्यांमध्ये दाबलेला असतो, म्हणून ती वरून एवढी नाजूक नसते. पण तुमच्या सीडी आहेत. तेव्हा त्या नेताना एकावर एक रचू नका.

आता खाट आणि रोगी. तुम्ही दोन्ही वेगळे धरलेत, आणि तिथेच मला तुमच्याशी भांडायचं आहे. सीडी वाचली जाते ती आतून बाहेर. मधल्या भोकाच्या जवळच्या पट्ट्यात आधी डिस्कची ओळख असते, ही कसली डिस्क, किती भरली, कुठून काय सुरू होतं. तुमच्या सीडींसारख्या डेटा सीडीत फाइलींची यादी कुठे आहे हे सांगणारी नोंद सोळाव्या सेक्टरवर असते, म्हणजे अगदी आतल्या काठाशी. आता समजा ओव्यांची एखादी सीडी बाहेरच्या कडेला ओरबाडली, तर शेवटच्या दोन ओव्या जातील. तीच आतल्या काठाशी, जिथे आपण बोट घालून ती उचलतो, तिथे ओरबाडली तर ड्राइव्ह म्हणेल डिस्कच नाही. सगळ्या ओव्या जशाच्या तशा बाहेर बसलेल्या, आणि ड्राइव्ह म्हणतो काहीच नाही. तुम्ही तुमचा नवा ड्राइव्ह आणाल, ही सीडी घालाल, तो म्हणेल 'कृपया डिस्क घाला', आणि तुम्ही म्हणाल, गेली. ती डबा भरून रद्दीत जाईल. माझं भय ते आहे. यंत्राने म्हटलेलं 'नाही' आपण तपासत नाही, ते डिस्कच्या माथी मारतो, आणि मग आपल्या हाताने आवाज फेकून देतो. तुमच्या ड्राइव्हचं दुखणं शोधण्याची सवय नसलेला माणूस सीडीचं दुखणं कुठल्या सवयीने शोधेल?

साशंक : हे मला लागलं. खरं सांगतो, तीन सीडी मी आधीच बाजूला काढल्या आहेत. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर घातल्या होत्या, उघडल्या नाहीत. त्या फेकायच्या ढिगात आहेत.

आग्रही : त्या आधी परत काढा. एकाच ड्राइव्हने नाकारल्या म्हणून डिस्क मेली असं होत नाही. ड्राइव्हागणिक लेन्सची नजर वेगळी, लेझरचा जोर वेगळा, चुका सावरायची ताकद वेगळी. सीडी आणि डीव्हीडीला तर लेझरही वेगळे लागतात : सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. दोन्ही चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये ते दोन स्वतंत्र असतात, आणि त्यातला एकच मरू शकतो. डीव्हीडी धडाधड वाचणारा ड्राइव्ह सीडीला सरळ 'नाही' म्हणतो, आणि माणसाला वाटतं ड्राइव्ह तर चांगला आहे, सीडीच खराब. तो लॅपटॉप कुठला होता, त्यात त्या दिवशी डीव्हीडी चालली होती का, दुसरी कुठली सीडी चालली होती का? हे विचारल्याशिवाय तुमच्या तीन सीडींविषयी कुणीच काही बोलू नये.

आणि तुमच्या जुन्या ड्राइव्हच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा हा. या सीडी त्याने स्वतः लिहिल्या आहेत. लिहिताना त्याचा लेझर जरा इकडे-तिकडे असेल, तर त्या सीडी त्याच्याच चालीच्या झालेल्या असतात. कधीकधी अशी डिस्क बाकी सगळ्यांना जड जाते आणि तिला लिहिणारा ड्राइव्ह मात्र तिला वाचतो. तो भंगारात गेला की ती चाल गेली.

साशंक : कधीकधी. हा शब्द तुम्ही प्रामाणिकपणे वापरलात, म्हणून मीही प्रामाणिकपणे त्यालाच धरतो. कधीकधीच्या भरवशावर मी किती दिवस घालवू? तुमचं निदान ऐकताना मला एक गोष्ट सतत खटकतेय. तुमच्या प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि तुम्ही तो वेळ फुकट मिळाल्यासारखा धरता. ड्राइव्ह पडून राहिला तर त्याचं फारसं बिघडत नाही. सीडीतल्या रंगाचं बिघडतं, रोज थोडं. मग क्रम असा का नसावा : आज नवा ड्राइव्ह आणायचा, ज्या सीडी उघडतात त्या आजच हार्ड डिस्कवर उतरवायच्या, दोन ठिकाणी ठेवायच्या, ज्या उघडत नाहीत त्या अंधारात, कोरड्या जागी, उभ्या ठेवायच्या, आणि मग तुम्ही तुमचा जुना ड्राइव्ह महिनाभर खुशाल दुरुस्त करत बसा. माझा आक्षेप आता दुरुस्तीला राहिलेला नाही. तो दुरुस्तीच्या जागेला आहे. ती पहिल्या नंबरावर नसावी.

आग्रही : क्रमाचं मी जवळजवळ मान्य करतो. जवळजवळ अशासाठी, की तुमचा नवा ड्राइव्हही त्याच प्रश्नोत्तरातून जाणार आहे. बारीक चणीचे हे ड्राइव्ह यूएसबीवरून वीज घेतात. यूएसबी २च्या पोर्टला ५०० मिलीअँपिअर द्यायची परवानगी, यूएसबी ३ला ९००. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी त्याला जास्त ओढावी लागते, आणि पुढच्या पॅनेलवरच्या लांब वायरीच्या पोर्टवर तो दम तोडतो. दिवा लागतो, टिकटिक ऐकू येते, आणि ड्राइव्ह येतो-जातो, येतो-जातो. तेव्हा तुम्ही म्हणाल, नवाही ओळखत नाही. मदरबोर्डला थेट जोडलेल्या मागच्या पोर्टवर लावा, हब मध्ये घालू नका, दोन यूएसबींना एकदम लागणारी केबल बरोबर आली असेल तर ती वापरा. म्हणजे निदान तुम्हाला सुटलेलं नाही. दुकानातून आणलेल्या डब्याबरोबर तेही घरी येतं.

साशंक : ठीक. आणि अर्धवट वाचणाऱ्या सीडींचं?

आग्रही : तिथे आपल्या दोघांचे ड्राइव्ह एकत्र यायला हवेत, आणि या विचाराने मला मनापासून आनंद होतो. विंडोजमध्ये फाइल ओढून टाकायची पद्धत अशा सीडीला वाईट. एक सेक्टर अडला की ती तिथेच डोकं आपटत राहते, मग सगळंच सोडून देते. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे. तो आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलेल्या जागांची एका फाइलीत नोंद ठेवतो आणि मग त्या जागांकडे परत परत जातो. ती नोंद जपली तर तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेल्या जागाच फक्त वाचता येतात. नव्याला जे दिसलं नाही ते जुन्याला दिसू शकतं, जुन्याला न दिसलेलं नव्याला. दोघांनी मिळून एक सीडी पूर्ण केली असं होऊ शकतं. सीडीत मुळातच चुका सावरायची सोय आहे. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेल्या गणितावर ती उभी आहे आणि ट्रॅकवरची सुमारे अडीच मिलिमीटरची सलग खोट ती भरून काढते. त्यापलीकडे गेलेलं काही वेळा वेगळ्या डोळ्याला सापडतं. फक्त वेग कमी ठेवा. ५२एक्सच्या ड्राइव्हमध्ये डिस्क मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते. मधल्या भोकापासून तडा गेलेली सीडी त्या वेगात आतच फुटू शकते. एकही तडा दिसला तरी ती घालायची नाही.

साशंक : आणि पोटेन्शिओमीटरचं काय? एकाने मला सांगितलं होतं, लेन्सजवळ बारीक स्क्रू असतो, तो जरा फिरवला की दमलेला लेझर पुन्हा वाचायला लागतो.

आग्रही : लागतो, थोडे दिवस. लेझरला जास्त करंट मिळतो आणि त्याचं उरलेलं आयुष्य त्या प्रमाणात आटतं. आधी लेन्स पुसून बघावी, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन, दाब न देता. पुष्कळदा दोष नुसता धुळीचा असतो. पण त्या स्क्रूला मी कधीच हात लावणार नाही असं मला म्हणता येत नाही. फक्त ज्याला दुसरं कुणीच वाचत नाही अशा एखाद्या सीडीसाठी, इतर सगळ्या उतरवून झाल्यावर, शेवटचा उपाय म्हणून कदाचित लावेन.

साशंक : तर मग आपला खरा वाद मला आता दिसतोय, आणि तो मघाशी वाटला तसा 'दुरुस्त करावं की बदलावं' हा नाही. ज्या सीडी नव्या ड्राइव्हवर उघडतील त्यांच्याविषयी आपल्यात भांडण नाही. भांडण त्या तीन सीडींचं आहे. त्यांच्यासाठी तुम्हाला जुना ड्राइव्ह हवा. तो ड्राइव्ह सध्या दिसत नाही. तो दिसायला लागला तरी त्याच्यात किती दम उरलाय ते कुणाला ठाऊक नाही. तुम्ही त्याच्यावर तपासण्या करणार, म्हणजे चांगल्या सीडी घालून तो वाचतो का ते बघणार, आणि प्रत्येक तपासणी त्याच्या उरलेल्या आयुष्यातली असणार. त्याचं निदान करणं म्हणजेच त्याला खर्च करणं. हे तुम्हाला मान्य आहे?

आग्रही : मान्य आहे. केबल, जंपर, बायोस इथवर काही खर्च होत नाही. लेझर पेटवल्यापासून होतो, किती ते मोजता येत नाही. वीस वर्षं पडून असलेला लेझर पहिल्या पाच मिनिटांतही जाऊ शकतो आणि आणखी पाच वर्षंही चालू शकतो. मी मघापासून म्हणतोय की आधी तपासा, मग विश्वास ठेवा. तुमच्या तीन सीडींपुढे ते वाक्य मला तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. न तपासलेल्या ड्राइव्हमध्ये आत्याची सीडी घालायला माझा हात धजणार नाही, आणि तपासण्यात त्याचा शेवटचा तास गेला तर तेही मला सोसणार नाही.

साशंक : त्या तिघींतल्या एकीवर 'पहाटेच्या' असं लिहिलंय. आत्या पहाटे म्हणायची त्या ओव्या फक्त तिच्यातच आहेत. बाकीच्या दोन्हींतलं थोडंफार इतर सीडींत पुन्हा आलेलं आहे.

आग्रही : मग त्या दोन्हींपैकी एक आधी. नव्यात घालू, मागच्या पोर्टवर, कमी वेगाने, रात्रभर ठेवू. तोवर मी जुन्याचं कॅबिनेट उघडून फक्त केबल आणि जंपर बघतो, ट्रे बाहेर येतो का ते बघतो. लेझर पेटवत नाही.

साशंक : आणि 'पहाटेच्या'?

आग्रही : ती तुमच्यापाशीच ठेवा. आधी भिंगाखाली मधल्या भोकाचा काठ नीट बघा, तडा आहे का, बॉलपेनचा दाब कुठवर आलाय. मला सांगा. मग आपण ठरवू, तिला पहिल्यांदा कुठल्या ड्राइव्हच्या ताब्यात द्यायची.